मंडळ सुलभाच्या नावावर

शुक्रवार, ४ जुलै

डॉक्टर म्हणाले होते, सर, राग गिळू नका, लिहून काढा, बी.पी. आटोक्यात राहील. डायरी आणून ठेवली, पण लिहावा असा राग काही येत नव्हता. आज आला. भरपूर आला.

आमच्या प्राचार्य शोभा मॅडमनी दुसऱ्या तासाला परिपत्रक फिरवलं. 'जे क्रीडाशिक्षक शाळेबाहेर मुलामुलींचा संघ चालवतात, त्यांनी तसं लेखी कळवावं.' शाळेत क्रीडाशिक्षक एकच, तो मी. बाहेर संघ चालवणाराही एकच, तोही मीच. मग 'जे' आणि 'त्यांनी' कशाला? सरळ 'अरविंद महाजन, इकडे या' म्हणायचं होतं की!

पुढे काय, तर कळवलं की माणूस शाळेचा कोच राहील, संघाबरोबर जाईल, फक्त खेळाडूंची निवड दुसरे दोन शिक्षक करतील. आणि लपवलं, तर मात्र संघाबरोबर जाता येणार नाही. वा! निवड कोण करणार? संगीताच्या मॅडम आणि लायब्ररीवाले? निवड माझ्या हातात नाही तर मी कोच कसला, मी शिट्टी वाजवणारा वॉचमन!

आमच्या गावातल्या लालबागच्या मैदानावर चौदा वर्षं मी मुलींचं खो-खो मंडळ चालवतो. शाळेच्या संघातल्या बारापैकी अकरा मुली मंडळाच्या असतात, हे खरं आहे. बारावी ट्रस्टींच्या घरातली असते. आता गुणवत्ता जर माझ्याच मंडळात असेल तर त्याला मी काय करू? कुणीतरी पालकाने तक्रार केली म्हणे की मंडळात नाव घातल्याशिवाय सर शाळेच्या संघात घेत नाहीत. साफ खोटं. असं मी कुणालाही म्हटलेलं नाही. मी इतकंच म्हणतो की मंडळात आली तर मुलगी माझ्या नजरेत राहील.

स्टाफरूममध्ये गणिताचे वसंत सर सांत्वनाला आले. त्यांच्या घरी रोज संध्याकाळी शाळेचा अर्धा नववीचा वर्ग ट्यूशनला बसतो. मी म्हटलं, "सर, तुमच्यासाठी नाही का असं परिपत्रक?" तर म्हणाले, "माझं वेगळं आहे हो. मी शिकवतो, तुम्ही खेळवता."

या वर्षीचा संघ असा जमलाय की जिल्हा जिंकून इंदूरला संभागीय, म्हणजे विभागाच्या, स्पर्धेला जाणारच. इंदूरला कोच म्हणून जायचं हे माझं एकच स्वप्न आहे. ते पाहिजे, निवडही पाहिजे आणि मंडळही पाहिजे. यापेक्षा जास्त मी आयुष्यात काही मागितलेलं नाही.

रविवार, ६ जुलै

मावसभाऊ मोतीलाल केळीचा घड घेऊन आला. त्याच्या गावची सरपंचाची सीट महिलांना राखीव झाली तेव्हापासून तो भलताच मोठा माणूस झालाय. सरपंच त्याची बायको शीतल आहे, पण 'सरपंच' लिहिलंय ते त्याच्या गाडीवर.

माझं रडगाणं ऐकून तो हसायलाच लागला. "अरे अरविंदा, एवढं काय टेन्शन घेऊन राहिला? वहिनीच्या नावावर करून टाक मंडळ. माझ्याकडे बघ. सही शीतलची, कारभार माझा. ग्रामसभेत शीतल पहिल्या रांगेत बसते, डोक्यावर पदर, एकदम शिस्तीत. बोलतो मी. आजपर्यंत कुणी विचारलं का?"

च्यायला, हे मला आधी का नाही सुचलं! मंडळाची अध्यक्ष आणि मुख्य प्रशिक्षक सौ. सुलभा अरविंद महाजन. मग मी बाहेर काय चालवतो? काहीच नाही. कायदा म्हणजे कायदा.

सुलभा चहा घेऊन आली तेव्हा तिला सांगितलं. तिनं विचारलं, "मला काय करावं लागेल?"

मोतीलाल म्हणाला, "काहीच नाही वहिनी. फक्त सही."

ती म्हणाली, "आधी कागद वाचते, मग करते." आणि खरंच मंडळाची सगळी फाइल घेऊन आत गेली. बायकांना असल्या गोष्टींची उगाच हौस असते. वाचू दे म्हटलं.

मंगळवार, ८ जुलै

मंडळाची सभा घेतली. आपलीच माणसं, चहा-पोहे, दहा मिनिटांत ठराव पास. सुलभानं सही केली, चांगली ठळक, मराठीतून.

लगेच शाळेत लिहून दिलं, 'मी शाळेबाहेर कोणताही संघ चालवत नाही.' एक शब्द खोटा नाही. शोभा मॅडमनी वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बरं. तुम्ही लिहिताय म्हणजे खरंच असेल." या बाईंचा स्वभाव तसा चांगला आहे.

गुरुवार, १० जुलै

गुरुपौर्णिमा. मुलींनी मैदानावर माझ्या पाया पडून फुलं दिली. सुलभाही आली होती, अध्यक्ष म्हणून दिसायला पाहिजे ना. मुली तिला काकू म्हणतात. तिलाही फुलं दिली. ती लाजेल असं वाटलं होतं, पण ती म्हणाली, "फुलं नंतर. आधी मला दाखवा, पाठीला हात लागायच्या आधीच कोण कोण उठतं ते."

निम्म्या मुली उठत होत्या. आपल्या लक्षात कसं नाही आलं, असं क्षणभर वाटलं. मग वाटलं, मी मोठ्या गोष्टींवर लक्ष ठेवतो, बारीकसारीक कोण बघत बसणार.

ती माहेरी नेपानगरला असताना शाळेकडून खो-खो खेळायची. तिचे वडील पेपर मिलमध्ये होते, कॉलनीत मोठं मैदान होतं. लग्नाच्या बायोडेटात लिहिलेलं होतं म्हणे. मी तेव्हा फक्त फोटो बघितला होता.

सोमवार, १४ जुलै

डोकं फिरलंय. लिहितो म्हणजे उतरेल.

सुलभा आता रोज मैदानावर येते. म्हटलं ठीक आहे, चालणं होतं, शुगर कमी राहील. पण आज ती पल्लवीला घेऊन आली! ही आमच्याच शाळेची, नववीतली. बाप कपड्याच्या दुकानात नोकरीला. पोरगी पळते बरी, पण मंडळात कधी आली नाही, फी परवडत नाही असं बाप म्हणायचा. शिस्त नाही, दुसरं काय! म्हणून दोन वर्षं मी तिला शाळेच्या संघात घेतलं नाही. तक्रार करणारा पालक तोच, हे मला शिपायाकडून कळलंय.

मी सुलभाला बाजूला घेऊन म्हटलं, "हिला कुणी घेतलं?"

"मी."

"फी?"

"माफ केली. अध्यक्षांना अधिकार आहे, नियम सात. तुमच्याच अक्षरात लिहिलाय."

"अगं, अध्यक्ष तू कागदावर आहेस!"

"मग आणखी कशावर असतात?" असं म्हणाली आणि गेली मुलींकडे. सगळ्या पोरी बघत होत्या.

शनिवार, १९ जुलै

रात्रीचं जेवण वेळेवर नाही. सुलभा शीतलशी फोनवर बोलत होती. सरपंच आणि अध्यक्ष! मी ओरडून विचारलं, एवढं काय बोलता? म्हणाली, "कामाचं." मला हसू आलं. ह्या दोघींना कसलं आलंय काम!

मंगळवार, २२ जुलै

खेळ सुधारलाय, मान्य करावं लागेल. माझी चौदा वर्षांची मेहनत आता फळाला येतेय. सुलभा फक्त वरवरचं बघते, म्हणजे कोण कुठे बसणार, कुणी कुणाला खो द्यायचा, धावणारीनं कधी वळायचं, कुणाचा गुडघा दुखतोय, कुणाची पाळी आहे. बाकी मुख्य मार्गदर्शन माझंच असतं. आज पाऊण तास मी मुलींना जिद्द या विषयावर सांगितलं. एक पोरगी हळूच म्हणाली, "सर, लाइट जा रही है, प्रॅक्टिस कर लें क्या?" आजकालच्या मुलांना बसून ऐकायची सवयच राहिली नाही.

शनिवार, २६ जुलै

शाळेची निवड झाली. मी बाहेर काही चालवत नसल्यामुळे निवड समितीवर मीच, आणि बरोबर लायब्ररीवाले. ते पूर्ण वेळ मोबाइल बघत होते, उत्तम सहकार्य केलं.

बारा मुली निवडल्या. पल्लवीला घेतलं नाही. ती सगळ्यात जास्त वेळ नाबाद राहिली हे खरं, पण उंची कमी आहे. तिच्या जागी ट्रस्टींची पुतणी घेतली. तिचीही उंची तेवढीच आहे, पण वाढेल असं वाटतं.

घरी सुलभानं विचारलं, "पल्लवी?"

मी म्हटलं, "उंची."

ती पोळ्या लाटत राहिली. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

सोमवार, २८ जुलै

आजचं आजच लिहून काढतो.

चौथ्या तासाला शोभा मॅडमनी बोलावलं. आत गेलो तर समोर खुर्चीत सुलभा! कॉटनची निळी साडी, पर्स मांडीवर, जशी काय नोकरीच्या मुलाखतीला आलीय. मॅडम म्हणाल्या, "सर, बसा. तुमच्या मिसेसनी काही माहिती दिलीय."

काय माहिती? तर मंडळ आठ जुलैपासून तिच्या नावावर आहे. त्याआधी चौदा वर्षं माझं होतं. आजही संध्याकाळी मी तिथेच असतो. आणि ज्या मुलींना आम्ही शिकवतो त्यांचीच निवड परवा मी केली. बस. एवढंच. मीठ-मिरची न लावता, एका दमात सांगून मोकळी.

मी म्हटलं, "मॅडम, मंडळ हिच्या फक्त नावावर आहे..." आणि तिथेच जीभ चावली. नावावरच असेल, तर माझं आठ तारखेचं लिहिणं खोटं. खरोखर तिचं असेल, तर माझं काय आहे? सुलभा खिडकीबाहेर बघत होती.

निवड रद्द. फेरनिवड दुसरे शिक्षक करणार. आणि मी लपवलं, म्हणून नियमाप्रमाणे संघाबरोबर जिल्ह्याला नाही, इंदूरला नाही. नोकरी आहे, पी.टी.चे तास आहेत, मैदानाची आखणी आहे. बस, संपलं.

घरी आल्यावर मी म्हटलं, "बायको असून मला खोटं पाडलंस."

ती म्हणाली, "नाही. तुम्ही लिहिलंत ते खोटं आहे असं मी म्हटलंच नाही. तुमचं लिहायचं राहिलं होतं तेवढं सांगून आले."

"एवढं नडलं होतं काय?"

"पल्लवी शनिवारी नळाखाली तोंड धूत होती. पाच मिनिटं धूत होती. मी पण एकदा असंच धुतलंय तोंड, नेपानगरला, सरांनी आपल्या भाचीला घेतलं तेव्हा." आणि मग म्हणाली, "खरं सांगून टाकलं असतंत तर तुमचं गेलं काय असतं हो? फक्त निवड. इंदूरला तर गेलाच असता."

मी जेवलो नाही. माझ्यासाठी झाकून ठेवलं होतं, ते नंतर जेवलो.

शुक्रवार, १ ऑगस्ट

फेरनिवड. मंडळाच्या सात आल्या, बाहेरच्या पाच. पल्लवी पहिली. ट्रस्टींची पुतणी राखीव. आकाश काही कोसळलं नाही, फक्त ट्रस्टी माझ्याकडे बघेनासे झाले.

बुधवार, ६ ऑगस्ट

मोतीलालचा फोन. आवाज रडवेला. ग्रामसभेत शीतल उठून उभी राहिली आणि स्वतः बोलली! नळाच्या पाइपाचं काम कुणाला दिलं, का दिलं, सगळं वाचून दाखवलं. मोतीलाल मधे बोलायला लागला तर एक म्हातारी म्हणाली, "तू कोण रे? सरपंचबाई बोलून राहिल्या ना!" लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणे.

"अरविंदा, तुझ्या बायकोनं माझी बायको बिघडवली," म्हणतो. मी म्हटलं, गाडीवरचं नाव तेवढं पुसून घे. फोन आपटला त्यानं.

बुधवार, २० ऑगस्ट

जिल्हा स्पर्धा नेपानगरला होती. शाळेची कोच म्हणून संगीताच्या मॅडमना पाठवलं, त्यांनी आयुष्यात खो-खो फक्त ऐकलेला. मला मैदान आखायला आयोजकांनी बोलावलं होतं, म्हणून मी होतो. चुना माझ्याइतका सरळ जिल्ह्यात कुणी टाकत नाही.

सुलभा प्रेक्षकांत बसली होती, माहेरच्या बायका चारी बाजूंनी. फायनलच्या मध्यंतरात मला राहवेना. चुन्याची बादली हातात घेऊन मुलींजवळून गेलो आणि हळूच म्हणालो, "रिंगण करा, रिंगण. फक्त गोल गोल पळा." पल्लवी म्हणाली, "हो सर." आणि पूर्ण डाव बसलेल्या मुलींमधून नागमोडी साखळी काढत पळाली. समोरच्यांचा जीव मेटाकुटीला आला, तिला हात लागेना. सहा गुणांनी जिंकलो.

माझी योजना यशस्वी झाली. मुलींनी ती जराशी वेगळ्या पद्धतीने राबवली, एवढंच.

सगळ्या पोरी धावत सुटल्या त्या थेट प्रेक्षकांत, सुलभाकडे. मी बादली घेऊन उभा. कपड्यांवर चुना, डोळ्यांत पण गेला असावा.

सोमवार, २५ ऑगस्ट

इंदूरला संगीताच्या मॅडमना जायचं नाही, गाडीत उलट्या होतात. पालकांनी मिळून शोभा मॅडमकडे मागणी केली, सुलभाताईंना पाठवा.

हे म्हणजे अतिच झालं. मी बसलो आणि कडक अर्ज लिहिला. बाहेरचं मंडळ चालवणाऱ्या व्यक्तीनं शाळेच्या संघाबरोबर जाणं परिपत्रकाच्या भावनेविरुद्ध आहे. हितसंबंधांचा प्रश्न आहे. पारदर्शकतेला तडा जातो. नियम म्हणजे नियम! लिहिता लिहिता मला स्वतःलाच पटत गेलं. इतकं चांगलं परिपत्रक आपल्या शाळेत निघालं याचा अभिमान वाटला.

मंगळवार, २६ ऑगस्ट

शोभा मॅडमनी अर्ज शांतपणे वाचला. म्हणाल्या, "सर, नियम बाहेर संघ चालवू नका असा नाहीच. चालवा, पण सांगा, असा आहे. त्यांनी सगळं सांगितलंय. निवडीलाही त्या नव्हत्या."

मी अर्ज परत घ्यायला हात पुढे केला.

"आणि सर, नवरा शाळेत आहे हेसुद्धा त्यांनी स्वतःहून सांगितलं. मी विचारलं नव्हतं."

बाहेर आलो. जिन्यावर वसंत सर भेटले, मला कोपऱ्यात नेलं. आता ट्यूशनवाल्यांसाठीही परिपत्रक निघतंय म्हणे. चेहरा उतरलेला. "मी म्हणतो, क्लास मिसेसच्या नावावर करून टाकू का? तुम्हाला अनुभव आहे."

मी दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला. म्हटलं, "वसंत सर, पाया पडतो, सांगून टाका. शोभा मॅडमना आजच सांगून टाका."

ते म्हणाले, "पण माझ्या मिसेसना गणित येत नाही हो." मी म्हटलं, मलाही तसंच वाटलं होतं.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

सकाळच्या गाडीनं संघ इंदूरला गेला. स्टेशनवर पोचवायला गेलो होतो. डब्याची पिशवी, पाण्याचे कॅन, खेळाचं साहित्य मी चढवलं. सुलभानं खिडकीतून सांगितलं, "डाळ फ्रिजमध्ये आहे. संध्याकाळी मैदानावर लहान मुलींना फक्त पळवा. भाषण नको."

गाडी हलली तेव्हा फार वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू, ही डायरी आहे. त्या खिडकीत मी असायला पाहिजे होतो, आणि मला तिथून दुसऱ्या कुणी नाही, मीच उतरवलं. हे चौदा वर्षांत पहिल्यांदा मला इतकं साफ कळलं, आणि कळून काही उपयोग नव्हता, गाडी खंडव्याकडे निघून गेली होती.

शनिवार, १३ सप्टेंबर

दुपारी तिचा फोन आला. पहिली मॅच जिंकली, पल्लवी शेवटपर्यंत नाबाद. मी विचारलं, बसायला नीट जागा आहे ना तुला? म्हणाली, बसतंय कोण, उभीच होते. मागे पोरींचा एवढा गोंधळ की पुढचं ऐकू आलं नाही.

संध्याकाळी लहान मुलींना पळवलं. भाषण केलं नाही. घरी येऊन डाळ गरम करत होतो तेवढ्यात अनोळखी नंबरवरून फोन. कुणी साडीच्या दुकानाचे मालक.

"सुलभा मॅडमचे मिस्टर बोलताय ना?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हटलं, "हो. बोलतोय."

"सर, आमच्या मुलीला मंडळात घालायचंय. पुढच्या वर्षी शाळेच्या टीममध्ये येईल असं काहीतरी बघा ना. मॅडम फार कडक आहेत म्हणे. तुम्ही घरातल्या घरात एक शब्द टाका. तुमचं ऐकतील त्या."

"माझं?" मी म्हटलं. "साहेब, मुलगी पळते का?"

"पळेल ना. तुम्ही शिकवाल तर..."

"सोमवारी साडेपाचला लालबागच्या मैदानावर आणा. सगळ्यांसमोर ट्रायल होईल. आणि हे बघा, तुम्ही मला फोन केला होता, हे मी मॅडम आल्या की सांगणार आहे."

त्यांनी फोन ठेवून दिला. डाळ थोडी लागली होती.